रोहिणीभोवतीचं कडं

फेब्रुवारीतल्या त्या संध्याकाळी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक बेळगावच्या जवळजवळ डोक्यावरून जाणार होतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षातली माझी एक विद्यार्थिनी त्याच्याच चित्रणावर प्रकल्प करत होती. बेळगावजवळच्या येळ्ळूरला त्यांचं शेत आहे, मसूर नुकताच काढलेला. कॉलेजच्या गच्चीपेक्षा मला ते रान बरं वाटलं. दिवसभर तापलेलं काँक्रीट अंधार पडला तरी ऊब सोडत राहतं आणि दुर्बिणीसमोरची हवा थरथरत ठेवतं.

आठ इंची आरशाची, हाताने फिरवायची डॉब्सोनियन दुर्बीण, तिला छोटा कॅमेरा, आणि बांधावर लॅपटॉप सांभाळत बसलेले तिचे वडील. आधी डोक्यावर आलेल्या रोहिणी ताऱ्यावर फोकस केला आणि तिचं थोडं चित्रण करून ठेवलं. सातनंतर वायव्येकडून स्थानक उगवलं. माथ्यावर ते सेकंदाला सुमारे एक अंश सरकतं. शोधक दुर्बिणीतल्या फुलीवर तो ठिपका धरून ती हातानेच नळी फिरवत होती. प्रत्येक फ्रेमला एक मिलिसेकंद एक्स्पोजर दिलेलं. पाच-सहा मिनिटांत सगळं संपलं.

खरं काम दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत होतं. स्थानक १०९ मीटर लांब आणि आमच्यापासून सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आकाशात पन्नासेक आर्कसेकंद (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). आठ इंची आरसा जेमतेम ०.६ आर्कसेकंदांचा तपशील वेगळा करतो. तिथे तो सव्वा मीटर भरतो. पण हवेने प्रतिमा दोन आर्कसेकंद पसरवली, की चार मीटरपेक्षा लहान सगळं पुसलं जातं.

तरीही मधूनच एखादी फ्रेम स्वच्छ येते. डेव्हिड फ्राइड या शास्त्रज्ञाने १९७८ साली याची शक्यता गणिताने मांडली. ज्या रुंदीपर्यंत हवा प्रकाश फारसा बिघडवत नाही, तिच्या सातपट आरसा असेल तर साधारण साडेतीनशे-चारशे फ्रेमांत एक चांगली मिळते. दहापट असेल तर दहा लाखांत एक. म्हणून मोठ्या दुर्बिणींना क्षणोक्षणी आकार बदलणारे आरसे लागतात आणि आमच्यासारख्यांना लहान आरशाचा फायदाच होतो. हे मला दरवर्षी मुलांना सांगायला आवडतं, मराठीत आणि मग मागच्या बाकांसाठी कन्नडमध्ये.

ग्रहांच्या हजारो फ्रेमा एकावर एक रचता येतात, स्थानकाच्या नाही. ते सरकताना आपल्याकडची त्याची बाजूही बदलत जाते. म्हणून तिने लागोपाठच्या थोड्याच फ्रेमा घेतल्या, रचल्या आणि संगणकावर चित्राची धार, म्हणजे कडांचा ठसठशीतपणा, वाढवत नेली. तपकिरी सौर पॅनेलं सुटी झाली, मधले पांढरे रेडिएटर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणारे पत्रे, उमटले. मग ती जवळजवळ ओरडलीच, ‘‘सर, हे बघा की! पॅनेलच्या बाजूला आणि एक दांडी दिसालीय!’’

खरंच होती. पॅनेलच्या कडेला समांतर, बारीक, चकचकीत. वर्ग गोळा झाला. कोणी म्हणालं नवं यान, कोणी म्हणालं नवा अँटेना. मी तिला म्हटलं, ‘‘रोहिणीच्या फ्रेमा उघड. धारेचे हेच आकडे लाव, एकही बदलू नको.’’

तारा म्हणजे आपल्याला बिंदूच. धार वाढवण्याचं गणित प्रामाणिक राहिलं तर बिंदूचा बिंदूच राहायला हवा. पण रोहिणीभोवती आधी काळं आणि त्याबाहेर उजळ कडं उभं राहिलं. तिने पिक्सेल मोजले. कडं ताऱ्यापासून जेवढं लांब, तेवढीच दांडी पॅनेलच्या कडेपासून लांब. ती दांडी आकाशातून आलीच नव्हती. धार जास्त ओढल्यावर प्रत्येक तीव्र कडेबाहेर अशी रेघ उगवते.

तिचा चेहरा उतरला. मला मात्र त्या तासाला फार आनंद झाला, कारण पुढचं तिने स्वतःहून केलं. फ्रेमांचे दोन गट पाडले, सम क्रमांकाच्या एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. रोहिणीचं कडं जाईपर्यंत धार खाली आणली आणि दोन्ही गट वेगवेगळे रचले. दांडी दोन्हींतून नाहीशी झाली. रेडिएटर दोन्हींत त्याच जागी, त्याच रुंदीचे राहिले. सौर पॅनेलच्या जोडीमधली फटही टिकली. एका गटात दिसलेला एक ठिपका दुसऱ्यात नव्हता. तो तिने वहीत ‘संशयास्पद’ म्हणून नोंदवला आणि चित्रावर त्याला नाव दिलं नाही.

विभागाच्या प्रदर्शनात तिने थोडं मऊ दिसणारं चित्रच लावलं. शेजारी त्याच आकड्यांनी केलेली रोहिणी लावली आणि खाली वापरलेल्या फ्रेमांची संख्या, एक्स्पोजर आणि धारेचे आकडे लिहिले. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, याहून ठसठशीत नाही का जमलं? तिने लॅपटॉपवर दांडीवालं चित्र उघडलं आणि त्यांना रोहिणीपासून समजावायला सुरुवात केली.