फाइल बंद करण्याचा धंदा: आमची वाटचाल

आमची कंपनी १९९९ साली कॅलिफोर्नियात, हेवर्डला सुरू झाली. मी, नवरा आणि एक फिलिपिनो तंत्रज्ञ, एवढाच कारभार. नवरा दिवसा स्वतःची नोकरी करायचा आणि रात्री आमची बिलं. पेट्रोल पंपाखालच्या टाक्या गळतात, पेट्रोल मातीत आणि भूजलात उतरतं; ते कुठवर गेलंय हे शोधायचं, काढता येईल तितकं काढायचं आणि शेवटी केस बंद झाल्याचं सरकारी पत्र पंपमालकाच्या हातात ठेवायचं, हा आमचा धंदा. इथे त्याला क्लोजर लेटर म्हणतात. मंडळाच्या गणपतीत कुणाला हे सांगितलं की समोरचा म्हणतो, "अच्छा, म्हणजे पंप आहे तुमचा?" हल्ली मी हो म्हणून मोकळी होते.

मी मूळची पुण्याची. भूशास्त्र शिकले ते बेसाल्टच्या कातळावर, आणि इथे आले तर पायाखाली नुसता गाळ, वाळू आणि चिकणमाती. पहिली काही वर्षं एका मोठ्या कन्सल्टिंग कंपनीत काढली. बोअरमधून वर येणाऱ्या मातीची नोंद ठेवायची, विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून बर्फात घालून प्रयोगशाळेला पाठवायचं, साहेबांसाठी अहवालांचे मसुदे लिहायचे. अशा अहवालांवर परवानाधारक भूशास्त्रज्ञाचा किंवा इंजिनिअरचा शिक्का लागतो. राज्याची परीक्षा पास होऊन माझा शिक्का आला, तेव्हा तो दुसऱ्याच्या कागदावर किती दिवस मारायचा, असं वाटायला लागलं.

वेळही बरी होती. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९८८ साली टाक्यांचे नियम केले आणि गंजणाऱ्या जुन्या लोखंडी टाक्या सुधारायला, बदलायला किंवा बंद करायला दहा वर्षं दिली. ती मुदत २२ डिसेंबर १९९८ ला संपली. आमच्या भागातल्या कित्येक मालकांनी अगदी शेवटी धावाधाव केली. टाकी काढताना आधी आतलं सगळं उपसून ती धुतात, मग आत ड्राय आइस टाकतात, म्हणजे कार्बन डायऑक्साइडने ऑक्सिजन बाहेर ढकलला जातो आणि ठिणगी पडली तरी भडका होत नाही. अग्निशमनचा माणूस मीटर लावून खात्री करतो, क्रेन टाकी उचलते, आणि टाकीच्या दोन्ही टोकांखालची माती आम्ही नमुन्याला घेतो. बरेचदा प्रयोगशाळेची वाट बघावी लागतच नाही. खड्ड्याच्या काठावर उभं राहिलं की नाकच सांगतं.

गळती सापडली की केस उघडते, आणि उघडलेली केस म्हणजे मालकाच्या गळ्यात धोंड. बँक कर्ज देत नाही, गिऱ्हाईक जागा घेत नाही. पैशांसाठी राज्याने १९८९ च्या कायद्याने एक फंड काढला आहे. टाकीत भरल्या जाणाऱ्या प्रत्येक गॅलनमागे मालक ठरावीक फी भरतात आणि त्यातून एका गळतीमागे १५ लाख डॉलरपर्यंत खर्च परत मिळू शकायचा. पुढे नव्या दाव्यांसाठी ही मर्यादा १० लाखांवर आली. कागदावर मालकाने आधी खर्च करायचा आणि मग तो परत मागायचा. पण एकुलता एक पंप चालवणाऱ्याकडे एवढे पैसे कुठले? त्यामुळे ड्रिलवाल्याचे, प्रयोगशाळेचे पैसे आम्ही भरायचे आणि फंडाचा चेक येईपर्यंत थांबायचं. २००८-०९ मध्ये फंडातच खडखडाट झाला आणि चेक लांबले. तेव्हा घरावर कर्ज काढून पगार केले. धंदा करणाऱ्या आपल्या लोकांना माझं सांगणं असं की सरकारी पैसा पक्का असतो हे खरं, पण तो कधी येईल ते कोणी लिहून देत नाही.

बाकी ती वर्षं खाऊनपिऊन सुखी होती. एका पंपाभोवती आठ-दहा निरीक्षण विहिरी, दोन इंची प्लॅस्टिक पाइपाच्या, वर गाड्या जातील असं लोखंडी झाकण. दर तिमाहीला जायचं, पाण्याची पातळी मोजायची, साचलेलं पाणी उपसून ताजं भरायचं, बेंझीन किती, टोल्युइन किती (ही पेट्रोलमधली विषारी रसायनं) ते तक्त्यात मांडायचं आणि अहवालाच्या शेवटी लिहायचं: पुढच्या तिमाहीत पुन्हा नमुने घ्यावेत. असे अहवाल वर्षानुवर्षं गेले. आकडे हळूहळू उतरत होते, कधी पावसाळ्यानंतर थोडे चढत होते. ते बघून निर्णय कोणी घेत नव्हतं, कारण पिण्याच्या पाण्यात बेंझीनची इथली मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि विहिरीत निघतंय हजार-दीड हजार. केस बघणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, म्हणजे केसवर्करने, सही केली आणि उद्या काही झालं तर नाव त्याचं जाणार. मग तो म्हणायचा, अजून एक वर्ष बघूया.

खरं तर लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेने १९९५ मध्येच राज्यातल्या शेकडो केसेस अभ्यासून सांगितलं होतं की भूजलातला बेंझीनचा पट्टा, आमच्या भाषेत प्लूम, बहुतेक ठिकाणी अडीचशे फुटांच्या आसपास किंवा त्याआधीच थांबतो. मातीतले जिवाणू त्याला खातात. मूळ गळती थांबवली, टाकीखालची भिजलेली माती काढली, की उरलेलं काम ते फुकटात करतात. त्यावर खूप केसेस बंद व्हायला हव्या होत्या. पण तेवढ्यात एमटीबीई आलं. धूर कमी व्हावा म्हणून पेट्रोलमध्ये घातलेलं हे रसायन पाण्यात झटकन विरघळतं, जिवाणूंना सहज पचत नाही आणि पाण्याबरोबर लांब पळतं. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला त्यापायी आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. मग केसेस बंद करायचं कोण बोलणार? गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी १९९९ मध्ये एमटीबीई काढून टाकायचा आदेश दिला आणि २००४ पासून ते पूर्ण बंद झालं. भीती मात्र पुढे बरीच वर्षं टिकली. ती अगदी खोटी होती असंही मी म्हणणार नाही.

१ मे २०१२ ला राज्याच्या जल मंडळाने लो-थ्रेट क्लोजर पॉलिसी, म्हणजे कमी धोक्याच्या केसेस बंद करायचं धोरण, मंजूर केली आणि १७ ऑगस्टपासून ती लागू झाली. आमच्या धंद्याचे दोन भाग पाडायचे तर त्या तारखेच्या आधीचा आणि नंतरचा. पाणी आज पिण्यालायक झालंच पाहिजे, हा हट्ट पॉलिसीने सोडला. ते वाजवी काळात होईल, मग दशकं लागली तरी चालतील, पण तोवर ते पाणी कोणाच्या तोंडी जाणार नाही आणि वाफ कोणाच्या घरात शिरणार नाही एवढं दाखवा, असं म्हटलं. जागा सार्वजनिक पाणीपुरवठ्याच्या हद्दीत हवी. गळती थांबलेली हवी. पाण्यावर तरंगणारं पेट्रोल काढता येईल तितकं काढलेलं हवं. मग अंतरं: प्लूम १०० फुटांच्या आत असेल तर सर्वांत जवळची पाणीपुरवठ्याची विहीर किंवा ओढा २५० फुटांपलीकडे हवा, प्लूम २५० फुटांच्या आत असेल तर १००० फुटांपलीकडे, आणि बेंझीन लिटरला ३००० मायक्रोग्रॅमच्या खाली, एमटीबीई १००० च्या खाली. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ३००० चा आकडा दोनदा तपासला. काल १ वर अडलेले आम्ही, आणि आज ३००० चालणार!

आमच्या व्यवसायातल्या काहींनी तेव्हा 'हे प्रदूषण माफ करणं आहे' अशी ओरड केली. मला ते पटलं नाही, अजूनही पटत नाही. ज्या विहिरीतून कोणी पाणी पीत नाही तिच्यातलं बेंझीन चौदाशेवरून बाराशेवर आलं, हे दर तिमाहीला लिहून कोणाचं आरोग्य सुधारत होतं? तोच पैसा जिथे विहीर खरोखर जवळ आहे तिथे लागायला हवा.

पण नियम आले म्हणून पत्र आपोआप येत नाही. स्टॉकटनच्या दक्षिणेला आमच्या एका पंजाबी मालकांचा पंप होता. सगळे त्यांना अंकलजी म्हणत. केस नव्वदच्या दशकातली. दर भेटीत चहा, बिस्किटं आणि एकच प्रश्न, "बेटा, ये कब खतम होगा?" पॉलिसीच्या चौकटीत त्यांची केस जवळजवळ बसत होती. प्लूम २०० फुटांच्या आत, बेंझीन ३००० च्या निम्म्याहून कमी. अडचण एकच: राज्याच्या जुन्या नोंदीत ७०० फुटांवर बदामाच्या बागेतली सिंचनाची विहीर होती. बाग कधीच गेली होती, तिथे घरं उभी होती, घरांना शहराचं पाणी होतं. पण विहीर बुजवल्याचा कागद नव्हता, आणि कागद नाही म्हणजे विहीर आहे. आमचा तंत्रज्ञ त्या कॉलनीत दारोदार फिरला, कोणाच्या परसात जुना पाइप दिसतो का बघायला. एका आजीबाईंनी त्याला विमा विकणारा समजून हाकललं. शेवटी कौंटीच्या जुन्या मायक्रोफिल्ममध्ये बिल्डरने घेतलेली विहीर नष्ट करायची परवानगी सापडली. अक्षर लागत नव्हतं, पण जागेचा पार्सल नंबर जुळला.

दुसरा अडसर मातीचा. पॉलिसीतल्या तक्त्यात वरच्या दहा फुटांतल्या मातीसाठी बेंझीनबरोबर नॅफ्थलीन या पेट्रोलमधल्याच दुसऱ्या रसायनाचीही मर्यादा आहे, आणि आमच्या जुन्या नमुन्यांत नॅफ्थलीन तपासलेलंच नव्हतं. तेव्हा कोणी तपासायला सांगत नसे. आता त्या एका आकड्यासाठी चालू पंपाचं काँक्रीट फोडायचं? सुटका अशी की पेट्रोलमध्ये बेंझीन साधारण २ टक्के आणि नॅफ्थलीन पाव टक्का धरतात. मातीतलं बेंझीन मर्यादेच्या बरंच खाली असेल तर नॅफ्थलीनही खालीच असणार. हा युक्तिवाद जल मंडळाच्या स्वतःच्या पुनरावलोकनांतही चालतो, तो आम्ही मांडला. वाफेचा प्रश्न उद्भवला नाही, कारण चालू पंपाला त्या तपासणीतून सहसा सूट असते. तिथे पेट्रोल भरतानाच माणूस जास्त वाफ घेतो.

मग ६० दिवसांची जाहीर सूचना, शेजाऱ्यांना आणि पाणीपुरवठा संस्थेला पत्रं. हरकत आली नाही. त्यानंतर निरीक्षण विहिरी सिमेंटने दाबून भरल्या, ड्रममधली माती आणि पाणी उचललं, आणि पत्र आलं. अंकलजींनी ते फ्रेम करून काउंटरमागे, गुरू नानकांच्या तसबिरीच्या शेजारी लावलं. वर्षाच्या आत पंप विकून ते फ्रेस्नोला मुलीकडे गेले.

अशा केसेस एकामागून एक बंद होत गेल्या. आम्हाला आनंद होत होता आणि मिळकत घसरत होती. तिमाही नमुन्यांवर पोसलेल्या आमच्यासारख्या कितीतरी कंपन्या त्या काळात विकल्या गेल्या किंवा मिटल्या. आम्हीही ऑफिसातल्या दोन मुलांना दुसरीकडे नोकऱ्या शोधून दिल्या. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत.

त्यात २०१२ ते २०१६ चा दुष्काळ. पाण्याची पातळी इतकी खाली गेली की कित्येक निरीक्षण विहिरी कोरड्या पडल्या. प्लूम स्थिर आहे हे दाखवायला पाणी हवं आणि विहिरीत पाणीच नाही. वर, पेट्रोलने भिजलेला मातीचा थर उघडा पडलेला. पातळी वाढली की तो पुन्हा पाण्यात बुडणार आणि आकडे उसळणार, हे ठाऊक असलेल्या केसवर्करला नुसत्या कोरड्या विहिरीवर सही करायला कसं सांगायचं? काही ठिकाणी खोल विहिरी खणल्या, काही ठिकाणी २०१७ च्या पावसापर्यंत निमूट थांबलो.

मग दुसरं काम मिळालं. २०१४ च्या कायद्याने एकपदरी टाक्या कायमच्या बंद करायला ३१ डिसेंबर २०२५ ची मुदत घातली, आणि लहान मालकांसाठी राज्याची अनुदान-कर्ज योजनाही आहे. त्या अर्जांची कागदपत्रं मालकांना झेपत नाहीत. ती आम्ही करतो. टाकी निघताना खड्ड्यापाशी आम्हीच उभे असतो, त्यामुळे नवी गळती निघाली तर ती केसही आमच्याकडेच येते.

पुण्याला गेले की भाऊ विचारतो, हे सगळं इकडे का नाही करत? इथले अंतरांचे आकडे गाळाच्या जमिनीत मोजलेले आहेत. बेसाल्टच्या भेगेत शिरलेलं पेट्रोल अडीचशे फुटांवर थांबेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, आणि आपल्याकडे बोअरवेल तर सोसायटीगणिक आहे. ते काम करायचं तर पहिल्या पायरीपासून मोजावं लागेल.

सध्या सर्वांत जास्त वेळ जातो तो आधीच बंद झालेल्या केसेसवर. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास, कोपऱ्यावरचे जुने पंप पाडून तिथे घरं बांधतात. जियोट्रॅकर या सरकारी डेटाबेसवर केस बंद दिसते, म्हणून बिल्डर जागा घेतो. पण ती बंद झालेली असते पंप किंवा दुकान म्हणून. केस बंद करतानाच्या सारांशात बरेचदा लिहिलेलं असतं की वापर बदलला किंवा खोदकाम केलं तर आधी कळवा. आता त्याला तळघरात पार्किंग हवंय, म्हणजे बारा-पंधरा फूट खोदायचं, नेमकं जिथे आम्ही पेट्रोल जिवाणूंवर सोपवून आलो होतो तिथेच. वकिलाचा फोन येतो: केस बंद आहे ना, मग अडचण काय? मी त्याला तो सारांश उघडायला सांगते, शेवटचं पान वाचून घेते आणि मातीच्या वाफेचे नमुने, खोदलेल्या मातीची विल्हेवाट, इमारतीखालचा वाफरोधक थर, असं सगळं धरून खर्चाचा अंदाज पाठवते. निम्मे त्यानंतर फोन करत नाहीत. उरलेल्या निम्म्यांवर आमचं ऑफिस चालतं. आता आम्ही सात जण आहोत, आणि पिकअप कंपनीच्या नावावर आहे.