किर्लोस्कर रोडवरून खानापूरच्या शाळेपर्यंत

कोल्हापूरहून बेळगावला जाणारी गाडी निपाणीत थांबली की कुणालाही आधी तंबाखू आठवतो. यावेळी मी मात्र कारखाने बघायला निघालो होतो. तवंदी घाट ओलांडला, संकेश्वर मागे पडलं आणि हत्तरगीच्या टोलनाक्याजवळ एक्वस कंपनीच्या शेड्स दिसायला लागल्या. एअरबस आणि बोईंगच्या विमानांचे सुटे भाग इथे, हुक्केरी तालुक्यातल्या माळावर बनतात. शेजारच्या सीटवरच्या आजोबांना मी ते सांगितलं, तर म्हणाले, "ठावं आहे की. आमची नात तिथंच आहे, क्वालिटीत." मला फार बरं वाटलं. वंटमुरीचा घाट, काकती, आणि मग बेळगाव.

बेळगावात माझी आत्या टिळकवाडीत राहते. तिचा मुलगा, आमचा दादा, उद्यमबागेत छोटं मशीन शॉप चालवतो. तिसरं रेल्वे गेट ओलांडून खानापूर रोडला लागलं की उद्यमबाग सुरू होते. जवळच्या फाउंड्र्यांतून बिडाचे ओतीव भाग येतात, दादाकडे त्यांच्यावर मशीनिंग होतं आणि पुढे ते पुण्याला किंवा कोल्हापूरला जातात. मी गेलो तेव्हा मशीनवर एक मुलगा हायड्रॉलिक व्हॉल्व्हच्या बॉडीची भोकं तपासत होता. हातात प्लग गेज. एक टोक भोकात अलगद उतरलं पाहिजे, दुसरं अजिबात जाता कामा नये. एका नगात ते दुसरं टोक किंचित आत गेलं. त्याने कुणाला न विचारता तो नग लाल ट्रेमध्ये ठेवला आणि पुढचा उचलला. दादा तिथेच उभा होता, काही बोलला नाही. नंतर मी विषय काढला तेव्हा म्हणाला, "त्याला मी रिजेक्टबद्दल कधी बोललेलो नाही. एकदा बोललो की पुढच्या वेळी तो नग हिरव्या ट्रेमध्ये जाणार."

मच्छे गावातल्या पॉलिहायड्रॉन कंपनीचे सुरेश हुंद्रे यांचं नाव या भागात अजून आदराने घेतलं जातं. लाच न देता, कर पूर्ण भरून धंदा करता येतो हे ते जाहीरपणे सांगत आणि तसं करत. पण उद्यमबागेतली कुठलीही गोष्ट मागे नेत गेलं की शेवटी किर्लोस्करांपाशीच येऊन थांबते.

म्हणून संध्याकाळी किर्लोस्कर रोडवर गेलो. आज तिथे दुकानांची दाटी आहे, गाडी लावायला जागा मिळत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर 1869 साली याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांच्या हक्काची बढती एका अँग्लो इंडियन माणसाला दिली, तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले. थोरले भाऊ रामुअण्णांबरोबर सायकलींचं दुकान 1888 सालीच सुरू झालं होतं. पुढे कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्यामुळे पहिला नांगर विकायला 2 वर्षं लागली. मग नगरपालिकेमुळे जागा सोडायची वेळ आली. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, 10,000 रुपयांचं कर्ज दिलं आणि 1910 साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने हा माणूस गमावला याची खंत इथल्या जुन्या लोकांच्या बोलण्यात अजूनही येते, आणि मला ती रास्त वाटते.

त्या काळात नांगर हीच शेतकऱ्याच्या दारातली सर्वांत नवी टेक्नॉलॉजी होती, आणि तिथेही स्पर्धा होती. आधी विलायती नांगरांशी, नंतर साताऱ्याच्या कूपरशी. धनजीशा कूपर यांनी 1922 साली साताऱ्यात कारखाना काढला. आमच्या आजोबांच्या पिढीत 'कूपर चांगला की किर्लोस्कर' यावर पारावर वाद व्हायचे. कूपर राजकारणात गेले. 1937 साली काँग्रेसने सत्ता घ्यायला आधी नकार दिला, तेव्हा मुंबई इलाख्याचं पहिलं मंत्रिमंडळ त्यांनी बनवलं. लक्ष्मणरावांनी आपली सगळी हौस वाडीवर खर्च केली. वाडीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम त्यांनी केला. रात्रीच्या राखणीला तुरुंगातून सुटून आलेली माणसं ठेवली. कारखान्याच्या मालाची राखण अशा माणसांच्या हाती सोपवायची, हे करायला आजही छाती लागते.

हे सगळं माझ्या डोक्यात घोळत होतं त्याचं कारण घरात चाललेला दुसरा वाद. दादाची मुलगी इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या वर्गात रोज एकच विषय: इन्फोसिस की विप्रो? रात्री जेवणं झाल्यावर आत्याने कुंदा वाढला आणि आम्ही त्यावरच बोलत बसलो.

या दोन कंपन्यांची नाळ आपल्याकडचीच आहे, हे नव्या मुलांना बहुतेक ठाऊक नसतं. विप्रो सुरू झाली 1945 साली खानदेशात अमळनेरला, वनस्पती तेलाच्या कारखान्यातून. वडील गेले म्हणून 1966 साली 21 वर्षांचे अझीम प्रेमजी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून परत आले आणि त्यांनी तो धंदा हाती घेतला. इन्फोसिस सुरू झाली 1981 साली पुण्यात, सात जणांची आणि सुधा मूर्तींनी साठवलेल्या 10,000 रुपयांची. गंमत म्हणजे नारायण मूर्तींनी त्याआधी विप्रोत अर्ज केला होता आणि तो नाकारला गेला. मी तुम्हाला घेतलं नाही ही माझी मोठी चूक, असं प्रेमजींनी नंतर त्यांना सांगितलं. मूर्तींनीच 2024 साली एका मुलाखतीत हे उघड केलं. प्रतिस्पर्ध्यापाशी असं कबूल करायला मन मोठं लागतं.

दोघांनीही महागात पडणारे निर्णय घेतलेत. 1995 साली जनरल इलेक्ट्रिक हे इन्फोसिसचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक होतं, उत्पन्नाचा जवळपास चौथा हिस्सा तिथून यायचा. दर परवडणार नाही म्हटल्यावर मूर्तींनी ते काम सोडलं. शेअर्सचा वाटा कर्मचाऱ्यांना देण्याची वाट आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर त्यांनीच पाडली. प्रेमजींच्या तुमकूरच्या कारखान्याला विजेच्या जोडणीसाठी पैसे मागितले गेले. ते न देता त्यांनी जनरेटरवर कारखाना चालवला.

पुतणी शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "काका, हे सगळं बरोबर आहे. पण माझ्या सीनियरला एका मोठ्या कंपनीने ऑफर लेटर दिलं आणि दीड वर्ष घरी बसवलं. तो रोज सकाळी मेल उघडून बघायचा. त्याच्या आईने शेजाऱ्यांना पेढे वाटले होते."

तिचं म्हणणं मी टाळू शकत नव्हतो. 2023 च्या सुरुवातीला विप्रोने साडेसहा लाखांवर घेतलेल्या नव्या मुलांना साडेतीन लाखांवर येता का, असं विचारलं, तेव्हा देशभर चर्चा झाली. 2025 च्या फेब्रुवारीत इन्फोसिसने म्हैसूरच्या कॅम्पसमधून 300 हून अधिक प्रशिक्षणार्थींना परत पाठवलं. अंतर्गत परीक्षेत पास झाले नाहीत, असं कंपनीने सांगितलं. तोवर प्रेमजी 2019 मध्येच निवृत्त होऊन मुलगा रिशद अध्यक्ष झाला होता, आणि मूर्तीही कारभारात नव्हते. तरुणांनी आठवड्याला 70 तास काम करावं असं मूर्ती म्हणाले ते 2023 मध्ये. माझं मत मी तिला स्पष्ट सांगितलं. गिऱ्हाईक, सरकार आणि भागधारक यांच्याशी या दोघांनी जो सचोटीचा व्यवहार केला, तो मी मानतो. पण नोकरीच्या पहिल्या पायरीवर उभ्या असलेल्या मुलाशी कंपनी कशी वागते, तिथेच मालकाची खरी पारख होते. त्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वीची किर्लोस्करवाडी मला पुढे वाटते.

"मग विप्रोत नको म्हणता?" तिने विचारलं.

मी उत्तर दिलं नाही, कारण दुसऱ्या दिवशी मला खानापूर तालुक्यात एका मित्राच्या शाळेत जायचं होतं आणि तिथे काय बघायला मिळणार हे मला ठाऊक होतं. तिलाही बरोबर घेतलं.

सरकारी मराठी शाळा. जांबोटीकडच्या जंगलपट्ट्यातलं छोटं गाव, पावसाने काळवंडलेली कौलं, भिंतीवर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही लिप्यांत सुविचार. दुपारी बिसिऊटची, म्हणजे शाळेतल्या गरम जेवणाची वेळ झाली. स्वयंपाकाच्या मावशी मोठ्या पातेल्यातली उकडलेली अंडी गार पाण्यात टाकून सोलत होत्या. अंडं अंगठ्याने दाबून एकदा फिरवायचं, टरफल एका सालीत निघतं. ज्या मुलांच्या घरी अंडं चालत नाही त्यांच्यासाठी केळ्यांची फणी वेगळी ठेवली होती. पहिलीतली एक मुलगी भाताला हातही न लावता आधी अंडं खात होती, पांढरं सगळं संपवून पिवळा बलक शेवटी.

कर्नाटक सरकार आठवड्याला 2 दिवस अंडी देत होतं. 2024 सालापासून उरलेल्या 4 दिवसांचा खर्च अझीम प्रेमजी फाउंडेशन करतं. 3 वर्षांसाठी 1,500 कोटींचा करार आहे. हा पैसा मुख्यतः विप्रोच्या शेअर्समधून येतो. प्रेमजींनी विप्रोच्या 67 टक्के शेअर्सचं उत्पन्न फाउंडेशनच्या नावे करून टाकलंय, 2019 च्या हिशेबाने एकूण 1 लाख 45 हजार कोटी रुपयांचं दान. म्हणजे कंपनीला नफा झाला की त्यातला काही वाटा अशा पातेल्यापर्यंत पोचतो. शाळा मराठी की कन्नड हे त्यात कुणी बघितलेलं नाही. सीमाभागातल्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. इथे दुकानाच्या पाटीपासून जमिनीच्या उताऱ्यापर्यंत भाषा आधी विचारली जाते.

पुतणी बराच वेळ मावशींजवळ बसून अंडी सोलत होती. परत येताना म्हणाली, "ज्या कंपनीने मुलांचा पगार निम्मा केला, तिच्याच नफ्यातून हे येतं." मी म्हटलं, होय, दोन्ही खरं आहे.

मित्र, म्हणजे शाळेचे मुख्य गुरुजी, अंड्यांचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवतात. एका अंड्याला 6 रुपये मिळतात, त्यातच गॅस, वाहतूक आणि सोलणावळ. खानापूरच्या बाजारात अंडं महागलं की फरक ते खिशातून घालतात. त्यांनी वही मिटली आणि मला विचारलं, "करार 2027 ला संपतोय. पुढं कोण देणार, काही कळतंय का तुम्हा शहरातल्या लोकांना?" पुतणीने तिचा फोन काढला आणि फाउंडेशनच्या बेंगळुरूच्या कार्यालयाचा पत्ता त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून दिला. पत्र कन्नडमध्ये लिहायचं की मराठीत, यावर दोघांचं बोलणं सुरू झालं.