कर्ता एकच असेल तरच: इंग्रजी क्रियाविशेषण उपवाक्य लहान करताना

'आफ्टर रीचिंग होम, इट स्टार्टेड रेनिंग.' इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या वह्यांत या घडणीची वाक्ये वारंवार दिसतात, आणि ती निष्काळजीपणामुळे नव्हे, तर मातृभाषेच्या सवयीमुळे लिहिली जातात, असे माझे ठाम मत आहे. लिहिणाऱ्याच्या मनात 'घरी पोहोचल्यावर पाऊस सुरू झाला' हे निर्दोष मराठी वाक्य असते. इंग्रजी वाक्यात मात्र घरी कोण पोहोचले, हे कुठेच सांगितलेले नसते.

मूळ उपवाक्य 'आफ्टर वी रीच्ड होम' असे आहे. ते लहान करताना 'वी' हा कर्ता गाळला जातो आणि क्रियापदाला 'आयएनजी' लागतो. गाळलेला कर्ता वाचक मुख्य वाक्याच्या कर्त्यावरून भरून काढत असल्यामुळे दोन्हीकडे कर्ता एकच असावा लागतो. तो वेगळा असेल, तर उपवाक्य पूर्ण ठेवावे किंवा मुख्य वाक्य बदलून 'आफ्टर रीचिंग होम, वी हर्ड द रेन' असे काही लिहावे.

मराठीत 'ताना' आणि 'ल्यावर' या रूपांवर हे बंधन नाही. 'स्वयंपाक करताना दाराची घंटा वाजली' हे वाक्य आपल्याला खटकत नाही, कारण कर्ता आपण संदर्भावरून ओळखतो. 'ऊन' प्रत्यय मात्र बराच काटेकोर आहे. 'मी जेवून निघालो' यात जेवणारा आणि निघणारा एकच असतो ('त्याला जाऊन दोन वर्षे झाली' यासारखे प्रयोग अपवाद समजावेत). म्हणून शंका आली की मी वाक्य 'ऊन' लावून म्हणून पाहायला सांगते. 'घरी पोहोचून पाऊस सुरू झाला' हे कानाला लगेच खटकते, आणि जिथे ते खटकते तिथे इंग्रजी उपवाक्यही लहान करू नये. काळाचा अर्थ यात बदलू शकतो, पण कर्त्याची परीक्षा चोख होते.

कर्ता एकच असला तरी तो उपवाक्यात नावाने आणि मुख्य वाक्यात सर्वनामाने आलेला असू शकतो. 'बिफोर मीरा लेफ्ट, शी लॉक्ड द डोअर' हे लहान करताना नाव पुढे न्यावे लागते: 'बिफोर लीव्हिंग, मीरा लॉक्ड द डोअर'. क्रियापद 'टू बी'चे असेल, तर बहुधा कर्त्याबरोबर तेही जाते आणि 'व्हाइल शी वॉज वेटिंग'चे 'व्हाइल वेटिंग' होते. नकारार्थी उपवाक्यात 'डिड' उरत नाही, फक्त 'नॉट' आधी येतो: 'नॉट नोइंग द वे, ही आस्क्ड अ पोलिसमन'.

कारण सांगणारी उपवाक्ये अधिक विचार मागतात, कारण तिथे 'बिकॉज' हा शब्दच गळतो. 'बिकॉज ही हॅड लॉस्ट हिज की, ही वेटेड आउटसाइड' याचे 'हॅविंग लॉस्ट हिज की, ही वेटेड आउटसाइड' होते. 'सिन्स' काळ दाखवत असेल तर टिकतो, कारण दाखवत असेल तर तोही जातो. उभयान्वयी अव्यय गेले की दोन घटनांमधला संबंध वाचकाने ओळखायचा असतो. 'लिव्हिंग इन पुणे, ही मेट मेनी रायटर्स' यात पुण्यात राहत असताना भेट झाली की पुण्यात राहिल्यामुळे, हे कळत नाही. परीक्षेच्या उत्तरात हे खपते. अर्जात किंवा अहवालात, जिथे कारण स्पष्ट सांगणे महत्त्वाचे असते, तिथे मी पूर्ण उपवाक्यच लिहिते आणि विद्यार्थ्यांनाही तसेच लिहायला लावते.

'इफ नेसेसरी' आणि 'इफ पॉसिबल' यांना कर्त्याचा नियम लागू होत नाही. त्यांत गाळलेला 'इट' कोणा व्यक्तीकडे किंवा वस्तूकडे बोट दाखवत नसल्याने 'इफ नेसेसरी, कॉल मी' हे वाक्य बरोबर ठरते.