तलावाची वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिहा, असा निरोप आला आणि आधी आठवली ती प्रयोगशाळेच्या दारामागे खिळ्याला सुतळीनं टांगलेली दोनशे पानी वही. वर निळ्या शाईत एकच शब्द, ‘तलाव’. ती कोणत्या सरांची, हे तुम्हाला सांगायला नको.

मी १९८९ च्या दहावीचा. आठवीतला एप्रिल. सकाळची शाळा लागली होती, पळस झडला होता आणि मोहाचा वास वर्गात येत होता. मी धापा टाकत आत शिरलो, "सर, तलावावर नवीन पक्षी आला जी! पाठ काळपट लाल, मान बदामी!"

"उडताना कसा दिसते?" सरांनी एवढंच विचारलं.

उडताना कुठे पाहिला होता! शाळा सुटल्यावर पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर गेलो. तो काही हलेना, म्हणून दगड भिरकावला. पक्षी उठला आणि पंख उघडले ते पांढरेशुभ्र. अरे, हा तर आपला तळ्याकाठचा बगळा, ढोकरी! वर्षभर चिखलाच्या रंगात मान आखडून बसणारी, पायाशी जाईपर्यंत न दिसणारी. विणीच्या दिवसांसाठी तिनं शालू नेसला होता, इतकंच.

"उडाली कशी?" सरांचा दुसरा प्रश्न. मी खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. वही काढून नोंद केली आणि दुसऱ्या दिवशी मला पाळीवर तासभर गप्प बसवलं, स्वतःही बसले. थंडीत आलेली थापट्या, तलवार बदकं परत निघाली की इथल्या घरच्या पक्ष्यांची लगीनघाई सुरू होते, हे तिथं कळलं. टिबुकलीचा गळा विटकरी झालेला, गायबगळ्याच्या डोक्याला हळद लागलेली. मराठीच्या तासाला वसंत म्हणजे कोकीळ आणि आंब्याचा मोहोर. आमचा वसंत आटत्या पाण्याच्या काठानं यायचा.

आज मी पाटबंधाऱ्याच्या कामात आहे. तलाव मोजणं हेच पोटापाण्याचं साधन. पूर्व विदर्भात मामा तलाव, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातले माजी मालगुजारी तलाव, सहा हजारांवर आहेत. अंदाजपत्रकात पाळ, गाळ, गेट यांना रकाने असतात. ढोकरीला उभं राहायला लागतो त्या चिखलाला नसतो. तो रकाना मीही कधी पाडला नाही, हे इथं कबूल करतो. आपल्या तलावाच्या काठावर आता बेशरमाचं, त्या कुठंही फोफावणाऱ्या झुडपाचं रान माजलंय. मागच्या चैत्रात गेलो, तर पाळीवरून पाणीच दिसेना.

शाळेची नवी इमारत छान झाली आहे. पण तो खिळा सापडला नाही. सरही गेले. वही कुणाच्या घरी असेल तर कृपा करून कळवा. एप्रिल १९८७ चं पान काढा. सरांच्या उभ्या अक्षरात लिहिलेलं असेल, ‘ढोकरी उडाली. कारण : दगड.’ पुढे कंसात माझं नाव.