तिसऱ्या हार्मोनिकची पातळी : १

दुपारी सहकारी म्हणाला, "सर, हे मॉड्यूल फेल आहे. तिसरा हार्मोनिक १ डीबीएम दाखवतोय." ते ८६६ मेगाहर्ट्झवर सिग्नल पाठवणारे रेडिओ मॉड्यूल होते. त्याचा तिसरा हार्मोनिक, म्हणजे तिप्पट फ्रिक्वेन्सीवर निघणारा नकोसा सिग्नल, २५९८ वर यायचा आणि त्यासाठी आमची मर्यादा होती उणे ३० डीबीएम (डीबीएम हे सिग्नलची शक्ती मोजायचे एकक). इतका मोठा हार्मोनिक मी तोवर पाहिला नव्हता. त्याहून खटकले ते हे की आकडा नेमका १ होता, दशांश चिन्हसुद्धा नाही, आणि स्पेक्ट्रम ॲनालायझर या, कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती सिग्नल आहे ते मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर मात्र मार्कर, म्हणजे आलेखावरची मोजणीची खूण, उणे ४१.६ दाखवत होता.

चाचणी चालवणाऱ्या माझ्या प्रोग्रामने छापलेल्या अहवालात शेजारच्या रकान्यात, जिथे मार्करची फ्रिक्वेन्सी यायला हवी, तिथे उणे ४१.६ छापलेले होते. उणे फ्रिक्वेन्सी! यंत्राची उत्तरे एकेक घर पुढे सरकली होती, हे तिथेच लक्षात आले.

चूक माझीच होती. आदल्या संध्याकाळी मी तिसऱ्या हार्मोनिकसाठी स्पॅन (एका वेळी तपासायचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा) १ वरून १०० मेगाहर्ट्झ केला, पण रिझोल्यूशन बँडविड्थ (तो पट्टा किती बारकाईने तपासायचा ते) १० किलोहर्ट्झच ठेवली. स्वीपचा, म्हणजे सगळा पट्टा एकदा तपासण्याचा, वेळ स्पॅनच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे २५ मिलिसेकंदांचा स्वीप अडीच सेकंदांवर गेला. प्रोग्राम स्वीप सुरू करून 'स्टार ओपीसी' हा प्रश्न विचारायचा. काम संपले की यंत्र त्याला १ असे उत्तर देते. माझा टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट पाहण्याची मुदत, मात्र २ सेकंदांचा होता. तो संपल्यावर प्रोग्राम थांबायला हवा होता. मी कधीतरी घाईत लिहिलेल्या ओळीमुळे तो नुसती नोंद करून पुढे गेला आणि त्याने मार्करची पातळी विचारली. अर्ध्या सेकंदाने पोचलेला १ त्याने पातळी म्हणून वाचला, आणि खरी पातळी फ्रिक्वेन्सीच्या वाट्याला आली.

यंत्राकडे त्रुटींची यादी मागितली, तर 'शून्य, नो एरर'. यंत्राच्या दृष्टीने प्रत्येक आज्ञा बरोबरच होती. यंत्र संगणकाला जोडायचे जाडजूड केबलचे जुने जीपीआयबी असते, तर उत्तर न घेता पुढची आज्ञा पाठवल्याबद्दल उणे ४१० क्रमांकाची त्रुटी मिळाली असती. आमच्याकडे होती तशी लॅनवरची (नेटवर्कवरची) साधी सॉकेट जोडणी असली, की ५०२५ क्रमांकाच्या पोर्टवर उशिरा आलेले उत्तर मुकाट्याने बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, पडून राहते.

मी टाइमआउट १० सेकंदांचा केला, तो संपल्यास जोडणी तोडून नव्याने उघडायची तजवीज केली आणि ओपीसीचे उत्तर खरोखर १ आहे का, हे तपासणारी ओळ घातली. बाजूला काढून ठेवलेले ते मॉड्यूल संध्याकाळी पुन्हा लावले, तेव्हा पातळीच्या रकान्यात उणे ४१.७ आले.