अव्हेंजर 61,840 किमी: पुढची गाडी आणि एका पायाचा सराव

5 ऑक्टोबर 2025, ओडोमीटर 61,840

आज पहाटे नागपूरहून निघून तामियाला जाऊन आले, साडेतीनशेच्या वर किलोमीटर झाले. परतताना सिलेवानी घाटात, उतारावरच्या डाव्या वळणावर, सागाच्या सावलीत रस्ता अजून ओला होता आणि समोरून ट्रकनं अर्धी माझी बाजू घेतली. मी दोन्ही ब्रेक दाबले. मागचं चाक जागीच थांबलं, रबर घासल्याचा आवाज आला आणि गाडी हातभर तिरकी सरकली. मागचा ब्रेक सोडला तशी ती सरळ झाली. पुढे रामाकोन्याला चहा घेतला तरी कप धरलेला हात थरथरत होता.

माझी मोटरसायकल बजाज अव्हेंजर क्रूझ 220, 2016 ची. पुढे डिस्क ब्रेक, मागे ड्रम, एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) नाही. 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलांना एबीएसची सक्ती एप्रिल 2018 पासून झाली आणि आधीपासून विक्रीत असलेल्या मॉडेलांना एप्रिल 2019 पासून, म्हणजे माझी गाडी त्याच्या आधीची. नऊ वर्षांत या गाडीनं मला एकदाही रस्त्यात सोडलेलं नाही. पण आजच्या त्या हातभर सरकण्यानंतर ठरवलं की पुढची गाडी आता बघायचीच. ते ठरवताना जे जे करेन ते इथे लिहीत जाईन. माझी उंची पाच फूट दोन इंच आहे. माझ्यासारख्या आणखी काही जणी (आणि काही जण) याच पेचात असतील, त्यांना उपयोग होईल.

दुसरं कारण पाठीचं. क्रूझरवर पाय पुढे सोडून बसायचं असतं. सौंसरच्या अलीकडे खड्डा आला की फुटरेस्टवर भार देऊन उठता येत नाही, कारण फुटरेस्ट पोटाखाली नसतातच. सगळा दणका माकडहाडाला बसतो. दीडशे किलोमीटरनंतर मी दर पाऊण तासाला गाडी थांबवते, आणि हे वयामुळे होतंय असं मी दोन वर्षं समजत होते. ते बसण्याच्या पद्धतीमुळे होतंय.

2 नोव्हेंबर, 62,390

यादी केली. रॉयल एनफील्डची मीटिओर 350, होंडाची हायनेस सीबी 350, ट्रायम्फ स्पीड 400, आणि मनात कायम असलेली रॉयल एनफील्डचीच हिमालयन 450.

किमतीचा हिशोब यंदा बदललाय. 22 सप्टेंबरपासून 350 सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला आणि त्यावरच्यांचा सेससकट 31 होता तो 40 झाला. 348 सीसीची हायनेस आणि 349 सीसीची मीटिओर त्यामुळे सरळसरळ आवाक्यात आल्या. पण कराकडे बघून गाडी घ्यायची नाही असं मी आधीच ठरवलं होतं, म्हणून आधी स्वतःला मोजलं. भिंतीला पाठ लावून, पायांच्या मध्ये जाडजूड वही घट्ट वर धरून, तिच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावायचा. माझा आकडा 71 सेंटीमीटर. बुटाचा तळ धरून साडेत्र्याहत्तर.

आता सीटची उंची बघा. अव्हेंजर 730 मिलिमीटरच्या आसपास, म्हणून दोन्ही टाचा टेकतात. मीटिओर 765. स्पीड 400 ची 790. हायनेस 800. हिमालयन खालच्या सेटिंगलाही 825, आणि वजन 196 किलो. हिमालयन मी इथेच बाजूला ठेवली, मनापासून वाईट वाटलं.

कागदावर उत्तर सोपं आहे: मीटिओर. एबीएस आहे, 15 लिटरची टाकी आहे, ट्यूबलेस टायर आहेत, इंजिन शांत आहे. मी जवळजवळ बुकिंग करणारच होते. मग लक्षात आलं की तिचेही फुटरेस्ट पुढेच आहेत. जिथे माझी पाठ दुखते तीच बैठक मी पुन्हा विकत घेत होते, कारण एकच: दोन्ही पाय टेकायला हवेत. त्या एका हट्टापायी निम्मा बाजार माझ्यासाठी बंद झालाय. तेव्हा गाडी निवडायच्या आधी हा हट्ट मोडून बघायचा.

16 नोव्हेंबर, 62,610

बेसाच्या पुढे एक लेआउट पडलाय, रस्ते झालेत, घरं अजून नाहीत. मनीषनगरची मैत्रीण तिची हायनेस घेऊन आली. सकाळी सहाला थंडी होती, प्लॉटांच्या खांबांवर दव.

पहिला तास माझ्याच गाडीवर. नियम एकच: थांबताना फक्त डावा पाय खाली, उजवा मागच्या ब्रेकवरच. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण नऊ वर्षं दोन्ही पाय सोडायची सवय असली की उजवा पाय आपोआप निघतो. मैत्रीण मागे उभी राहून दर वेळी "उजवा!" म्हणून ओरडायची. पहिल्या चाळीस थांबण्यांत ती सव्वीस वेळा ओरडली. मी मोजून वहीत लिहिलंय. शेवटच्या चाळिसांत तीनदा.

मग हायनेस. 181 किलो. सरळ बसले तर दोन्ही चवडे जेमतेम टेकतात आणि गाडी माझ्या ताब्यात नसते. पण थांबायच्या शेवटच्या दोन-तीन मीटरांत बूड सीटवरून चार बोटं डावीकडे सरकवलं की डावा तळवा जवळजवळ पूर्ण बसतो आणि गाडी त्या पायावर हलकीशी टेकते. माझ्या वजनानं सस्पेन्शन बसतं तेही आपल्या बाजूनं असतं. आकडा 800 आहे खरा, पण त्या आकड्यात ना तुमचं वजन आहे ना हे सरकणं. सीटची रुंदीही त्यात नाही. पुढे निमुळती सीट असेल तर पाय सरळ खाली जातो, रुंद असेल तर मांड्या फाकतात आणि चांगले दोन-तीन सेंटीमीटर तिथेच जातात. शोरूमच्या गुळगुळीत फरशीवर दोन मिनिटं बसून यातलं काहीच कळत नाही.

आणि एकदा गाडी पाडली. हे नीट लिहिते, कारण सगळ्यात जास्त मी यातूनच शिकले. रस्त्याच्या अगदी डाव्या कडेला थांबले होते. आपल्याकडे डांबरी रस्ता मधे उंच आणि दोन्ही कडांना उतरता असतो, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, म्हणजे डाव्या पायाखालची जमीन नेहमीच थोडी खाली असते. मी कडेला थांबले, डावा पाय साइडपट्टीवर टेकायला गेले आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे ती चार बोटं खाली होती. तेवढ्यात गाडीचा तोल गेला. अडवायला गेले नाही, बाजूला उडी मारली. लेगगार्डवर पडली, क्लचचा लिव्हर वाकला. लिव्हर मी बदलून दिला, मैत्रीण नको म्हणत होती तरी.

उचलली मीच. गाडीकडे पाठ करायची, बूड सीटच्या कडेला लावायचं, एका हातात हँडलची मूठ, दुसऱ्यात मागचं ग्रॅब रेल, पाठ ताठ, आणि मागे मागे बारीक पावलं टाकत पायांच्या ताकदीनं ढकलायची. आधी गियर टाकून ठेवायचा म्हणजे ती घरंगळत नाही. डावीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधी काढता येत नाही, म्हणून उभी झाल्यावर ती पलीकडे जाणार नाही याकडे लक्ष. दोनदा जमलं नाही, तिसऱ्यांदा उभी राहिली. सकाळपासून पोटात जो गोळा होता तो त्या क्षणी गेला. आपण ही उचलू शकतो हे हातांना कळल्यावर मग ती पडायची भीती फारशी उरत नाही.

तेव्हापासून मी थांबायच्या आधी रस्ता वाचते. सिग्नलला कडेला न जाता लेनच्या मधे थांबते, तिथे जमीन सपाट असते.

14 डिसेंबर, 63,020

अधिवेशनाचा आठवडा असल्यानं सिव्हिल लाइन्स बॅरिकेडांनी भरलेलं, टेस्ट राइडचे रस्ते लांबून घ्यावे लागले. तरी स्पीड 400 आणि हायनेस, दोन्ही चालवल्या.

स्पीड 400 फार सुंदर गाडी आहे. 40 पीएस, वजन 176 किलो, वळणावर नुसतं बघितलं तिकडे जाते. पण माझी वही उघडली. वर्षभरात नऊ हजार किलोमीटर, त्यातल्या बहुतेक रविवारच्या फेऱ्या: रामटेक-खिंडसी, आदासा, संत्र्याच्या दिवसांत काटोल. समृद्धीवर दुचाकीला परवानगीच नाही, तेव्हा लांब जायचं तेही गावागावांतून जाणाऱ्या रस्त्यांनी. 100 च्या वर गेलेले किलोमीटर शोधून काढावे लागतील. ज्यांना ते लागतात त्यांनी हीच घ्यावी, दुसरीकडे बघू नये. मला मनगटांवर येणारा भार आणि 13 लिटरची टाकी जास्त जाणवली.

हायनेसचं इंजिन 70 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 90.5 स्ट्रोकचं (पिस्टनची धाव), म्हणजे लांब धावेचं. 30 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, इंजिन हळू फिरत असतानाच मिळतो, त्यामुळे तिसऱ्या गियरमध्ये गर्दीतून रेस न करता निघते. क्लच दोन बोटांनी दाबला जातो. फुटरेस्ट जागच्या जागी, खड्ड्यावर उठता येतं. उणीव एक: दुसरा गियर लांब आहे, अगदी हळू वळताना इंजिन घुटमळतं आणि पहिला टाकावा लागतो. सीताबर्डीच्या गर्दीत हे त्रासाचं होईल, पण मी बर्डीवर गाडी नेतच नाही.

खरी परीक्षा घरी घेतली. आमच्या इमारतीचं पार्किंग तळघरात, माझी जागा उताराच्या पायथ्याशी, भिंतीकडे तोंड. अव्हेंजर 155 किलोची होती म्हणून रोज मागे ओढून काढत होते. मैत्रिणीची हायनेस तशी निघेना. मग उलटं केलं: आत शिरतानाच उताराचा फायदा घेऊन मागचं चाक भिंतीकडे लावायचं, म्हणजे सकाळी तोंड बाहेर. चार वेळा लावून बघितली, चारही वेळा जमली.

28 डिसेंबर, 63,110

आता अव्हेंजरचं. ठेवायची की विकायची यावर गेले दोन महिने घरात रोज बोलणं चाललंय. नवरा म्हणतो ठेव, जागा करू. माझंही मन तेच म्हणत होतं. पण प्रामाणिकपणे लिहायचं तर "ठेवू या" मागे जुनं प्रेम होतं तशी एक भीतीही होती: नवी जमली नाही तर ही आहे. तसं असेल तर मी नवी कधीच पूर्णपणे शिकणार नाही. जरा अवघड सकाळ आली की किल्ली जुनीचीच उचलणार.

रेशीमबागेतल्या मिस्त्रीकाकांकडे सर्व्हिसिंगला नेली होती. पंधरा दिवस उभी होती एवढंच, तरी स्टार्टला त्रास. काकांनी कार्बोरेटरची वाटी उघडून माझ्या तळहातावर ठेवली. तळाशी तांबूस चिकट थर, आणि त्यावर पाण्याचा एक टपोरा थेंब, वाटी कलंडली की पाऱ्यासारखा इकडून तिकडे पळणारा. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि माझी गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नाही. नीडलच्या टोकाचं रबरही कडक झालं होतं.

"ताई, रोज चालवून राहिल्या तर काही होत नाही हिला," काका म्हणाले. "पण उभी ठेवाल तर मंग दर महिन्याला माझ्याकडेच आणाल. गाडी चालती असतानाच द्या कोणाला."

माझं ठरलं ते त्या थेंबाकडे बघताना.

विकताना एक अडचण आली ती सांगते, तुम्ही आधीच बघून घ्या. माझं कर्ज 2018 मध्येच फिटलं, पण आरसीवर कर्ज देणाऱ्या कंपनीचं नाव तसंच. तेव्हा एनओसी घेऊन मी फाइलला लावली आणि आरटीओत गेलेच नाही. त्या एनओसीवर मुदत तीन महिन्यांची छापलेली. नवी मिळवायला पाच आठवडे आणि सात फोन लागले. फॉर्म 35 देऊन ते नाव काढल्याशिवाय ट्रान्सफरचे 29 आणि 30 पुढे सरकत नाहीत. जुन्या गाड्यांना एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) पाट्याही लागतात, त्या मी आधीच लावल्या होत्या.

आणि नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या भागाच्या प्रीमियमवर 50 टक्के सूट, आणि विमा कंपनीकडून पत्र घेतलं तर ती तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला लावता येते. मी ते पत्र मागून घेतलं. शोरूममध्ये हे आपणहून कोणी सांगितलं नाही.

11 जानेवारी 2026, 63,240

डीलरनं 32 हजार सांगितले होते. काल कामठीहून एक तरुण आला, रोज नागपूरला नोकरीला येतो. गाडीवर बसला, टाचा टेकवल्या, सुरू करून पाच मिनिटं नुसता आवाज ऐकत राहिला. सायलेन्सरचा गंज आणि टाकीवरचा ओरखडा मीच दाखवला, वाटीतल्या पाण्याचंही सांगितलं. 40 हजारांना ठरली. रोज चाळीस किलोमीटर चालेल, वाटीत पाणी साठायला वेळच मिळणार नाही.

फॉर्मवर सह्या केल्या, एक जादा क्लच केबल आणि सर्व्हिसिंगच्या नोंदींची झेरॉक्स त्याला दिली. मूळ वही माझ्याकडे ठेवली. तो ऑटोमोटिव्ह चौकाच्या दिशेनं वळेपर्यंत मी फाटकात उभी होते.

हायनेस बुक केली आहे, गुरुवारी मिळेल. सीट कापून खाली करून घेणार नाही, आहे तशीच चालवणार. पुढची नोंद पहिल्या सर्व्हिसिंगनंतर, आणि तोवर सिलेवानीला एकदा जाऊन आलेली असेन.