एलईडी पट्टीची नोंदवही, भाग ४: दर वेळी पहिलाच एलईडी का मरतो?

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की पट्टीची लुकलुक पंख्याच्या बटणामुळे होते. ते निम्मंच खरं निघालं. मधल्या तीन आठवड्यांत दोन एलईडी गेले, दोन्ही वेळा पहिलाच, आणि त्यात पंख्याचा काडीचाही संबंध नव्हता.

मांडणी तीच आहे. डब्ल्यूएस२८१२बीची (प्रत्येक एलईडीत स्वतःची चिप असलेली) ५ मीटर पट्टी, ३०० एलईडी, ५ व्होल्ट १० अँपिअरचा सप्लाय. ईएसपी३२ या छोट्या कंट्रोलरवर डब्ल्यूएलईडी हे पट्टी चालवणारं सॉफ्टवेअर, त्यात करंटची मर्यादा ६ अँपिअर (सगळे पूर्ण पांढरे लावले तर हिशोबाने १८ अँपिअर लागतील, तो मोह नको). सप्लाय आणि कंट्रोलर शेजारी शेजारी, तिथून ३ मीटर वायर आणि शेवटी तीन पिनांचा कनेक्टर.

एका संध्याकाळी अख्खी पट्टी काळी. प्रत्येक एलईडी आपले २४ बिट काढून घेतो आणि उरलेला डेटा नव्याने घासूनपुसून पुढच्याला देतो, त्यामुळे पहिला गेला की मागचे २९९ धडधाकट असूनही आंधळे. पहिला कापला, वायर दुसऱ्याला सोल्डर केली, पट्टी चालू. डेटात रेझिस्टर नव्हता म्हणून मेला असेल, असं ठरवून एक रेझिस्टर लावला आणि विसरलो. नऊ दिवसांनी पुन्हा तेच.

या वेळी कापण्याआधी मल्टिमीटर काढला. सप्लायचा निगेटिव्ह आणि पट्टीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये शून्याच्या आसपास आकडा हवा. कनेक्टर हलवला की तो उड्या मारत होता. ग्राउंडची, म्हणजे निगेटिव्हची, पिन आत सैल झाली होती. एवढंच.

ग्राउंड सुटला तर पट्टी नुसती बंद पडेल, असं मला वाटायचं. पण पट्टीला ५ व्होल्ट मिळतच असतात. काळी दिसणारी पट्टीसुद्धा दर एलईडीमागे साधारण १ मिलिअँपिअर खाते, म्हणजे ३०० एलईडींचे ०.३ अँपिअर. त्या करंटला परतायला वाट लागते. पट्टीचा ग्राउंड वर चढतो, डेटाची वायर मात्र कंट्रोलरकडे शून्यावर बांधलेली. मग करंट पहिल्या एलईडीच्या डेटा पिनमधल्या संरक्षक डायोडमधून उलटा निघतो आणि डेटाच्या वायरने घरी जातो. तो डायोड असल्या ओझ्यासाठी केलेलाच नाही. ईएसपी३२ ची पिन वाचली हे माझं नशीब.

मग रेझिस्टर असूनही दुसरा का मेला? रंगपट्टे भिंगातून पाहिले. नारिंगी, नारिंगी, काळा. ३३० समजून ३३ ओमचा लावला होता! ३३ ओममधून १०० मिलिअँपिअर सहज जातात. पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि काळा सारखाच दिसतो. आता लावायच्या आधी प्रत्येक रेझिस्टर मोजतो.

आता लुकलुकीकडे. पट्टीला ५ व्होल्ट दिले की डेटा ‘एक’ समजायला तिला ०.७ पट, म्हणजे ३.५ व्होल्ट लागतात. ईएसपी३२ देतो ३.३. टेबलावर चालतं, कारण चिपा उदार असतात. पण ग्राउंडच्या वायरीत आणि कनेक्टरात मिळून ०.०५ ओम असले तरी ६ अँपिअरला ०.३ व्होल्ट तिथेच खर्च होतात, आणि पट्टीच्या दृष्टीने डेटा उरतो ३.० चा. अशा काठावर उभ्या सिग्नलला पंख्याच्या बटणाची ठिणगी पुरते. पंखा म्हणजे शेवटची काडी. त्यातून माझी डेटाची वायर घरच्या वायरिंगला चिकटून दोन मीटर पळत होती.

म्हणून मध्ये ७४एएचसीटी१२५ घातला, ३.३ चा सिग्नल ५ वर चढवणारी चिप. त्याला ‘एक’ ओळखायला २ व्होल्ट पुरतात आणि बाहेर तो जवळजवळ पूर्ण ५ देतो. एचसी नव्हे, एचसीटी किंवा एएचसीटीच घ्या. साध्या एचसीला ५ व्होल्टवर पुन्हा ३.५ च लागतात. एक दिवस मी या चिपवर रुसलो होतो, कारण हात जवळ नेला की पट्टी चालायची आणि लांब नेला की बंद. इनेबलची (आउटपुट चालू-बंद करणारी) पिन अधांतरी सोडली होती. ती ग्राउंडला हवी, आणि न वापरलेल्या गेटांचे इनपुटही.

डेटासाठी आता नेटवर्क केबलमधली एक पिळलेली जोडी: एक तार डेटा, तिच्या जोडीची ग्राउंड. वायरिंगपासून वीतभर लांब, आणि ओलांडायचंच असेल तिथे काटकोनात. या जोडीचा इंपिडन्स (वेगवान सिग्नलला जाणवणारा विरोध) साधारण १०० ओम, म्हणून चिपपाशी १०० ओमचा रेझिस्टर, म्हणजे सिग्नल आपटून परत आला तर तिथे जिरतो. पट्टीपाशी आणखी ३३०, तो मुख्यतः ग्राउंड सुटण्याच्या भीतीने.

वीज आता दोन्ही टोकांना दिली आहे. आधी हे फक्त शेवटचा पांढरा गुलाबी पडू नये म्हणून करायचं होतं (व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी हात टेकतात). खरा फायदा असा की ग्राउंडला दोन वाटा झाल्या, एक सुटली तरी डेटाच्या वायरीवर संकट नाही. वीज नेणाऱ्या प्रत्येक वायरीला ५ अँपिअरचा फ्यूज, सप्लायच्या टोकाला. लांबच्या टोकाला पट्टीवर शॉर्ट झाला, तर पट्टीचं पातळ तांबंच करंट अडवतं, सप्लायला काही कळत नाही आणि पट्टी तापत राहते. पट्टीपाशी १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही आहे. त्यावर जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

टीव्हीएस डायोडबद्दल (व्होल्टेजची अचानक उसळी गिळणारा डायोड) मागे दोघांनी विचारलं होतं. एसएमएजे५.०ए लावला आहे, पण त्याच्या भरवशावर राहू नका. नावात ५ असलं तरी तो ६.४ व्होल्टच्या आधी तोंड उघडत नाही आणि पूर्ण करंटला ९.२ पर्यंत जाऊ देतो.

काल रात्री धीर करून दोन्ही टोकांचे ग्राउंड मुद्दाम काढले, ५ व्होल्ट चालू ठेवून. ३३० ओमवर २.१ व्होल्ट, म्हणजे सुमारे ६.४ मिलिअँपिअर. दहा मिनिटं तसंच ठेवलं, मी मात्र खोलीत येरझारा. मग वीज बंद करून ग्राउंड लावले, पुन्हा चालू केलं. २९८ च्या २९८ पेटले.

पंख्याचं बटण पन्नास वेळा दाबून झालं, लुकलुक नाही. पुढच्या भागात गॅलरीची पट्टी. तिथे कंट्रोलरपासून १२ मीटर आहेत, त्यामुळे सिग्नल लांबवर नेणाऱ्या आरएस-४८५ च्या चिपांची जोडी मागवली आहे. कनेक्टर मात्र या खेपेला स्क्रूचे.